कोल्हापूर : तीन संध्याकाळी आणि एक आदण

पहिला दिवस : ३१ जानेवारी

महालक्ष्मी एक्सप्रेसमधून सकाळी उतरले तेव्हा अंगावर शाल होती. साडेदहाला खरी कॉर्नरला पोचेपर्यंत ती पिशवीत गेली. जानेवारीअखेरचं कोल्हापूर असंच असतं. पहाटे हुडहुडी भरते, दुपारी चटका बसतो आणि दिवे लागले की पुन्हा कानाला वारा झोंबतो.

येण्याचं कारण म्हणजे एक फोन. मी मालिकांचं संकलन करते, बावीस वर्षं झाली. शॉट चार सेकंदांच्या वर गेला की विचारणा होते, म्हणून तो जाण्याआधीच मी कापते. कॉलेजातली माझी मैत्रीण कोल्हापुरात चित्रकला शिकवते. ती म्हणाली, ‘आमच्या जुन्या विद्यार्थ्यांनी महोत्सव भरवलाय. सगळी वेळ घेणारी चित्रं आहेत. तीन दिवस ये, तुला बरं वाटेल. आणि तारखा किरणोत्सवाच्याच ठेवल्यात.’ त्या शेवटच्या वाक्यावर मी तिकीट काढलं.

पत्रिकेवर शब्द होता ‘कालाधारित दृश्यकला’. अर्थ सोपा आहे. ज्या कलाकृतीला लांबीरुंदीबरोबर मिनिटंही असतात, ती. व्हिडिओ, फिल्म, स्लाइड, ध्वनी, भिंतीवरून सरकणारा प्रकाश. कॅनव्हाससमोर किती थांबायचं ते आपण ठरवतो. इथं ते कलाकृतीही ठरवते. आपल्याकडे हे काही काल आलेलं नाही. अकबर पदमसी यांनी १९६९ मध्ये मुंबईत एक कार्यशाळा सुरू केली आणि चित्रकारांच्या हाती कॅमेरा दिला. नलिनी मलानी यांनी आपल्या सुरुवातीच्या फिल्म तिथंच केल्या.

खरी कॉर्नरचा कॅमेरा स्तंभ पाहून मगच महोत्सवाकडे जायचं, हा मैत्रिणीचा हट्ट. रिक्षा, भाजीच्या गाड्या आणि शाळेची पोरं यांच्या गर्दीत हा स्तंभ उभा आहे. आनंदराव आणि बाबुराव पेंटर हे चुलतभाऊ नाटकांचे पडदे रंगवायचे. दादासाहेब फाळक्यांचा चित्रपट पाहिल्यावर दोघांच्या मनात एकच आलं, की आपला कॅमेरा आपण करायचा. १९१६ मध्ये आनंदराव गेले. बाबुरावांनी विष्णुपंत दामल्यांना हाताशी धरून तो कॅमेरा पुरा केला. महाराष्ट्र फिल्म कंपनी निघाली ती १९१७ मध्ये, भांडवल तानीबाई कागलकरांनी दिलं. ‘सैरंध्री’ १९२० चा, ‘सावकारी पाश’ १९२५ चा. त्या कंपनीचे बहुतेक मूकपट आज उरलेले नाहीत. मी स्तंभासमोर उभी राहिले तेव्हा हेच मनात होतं. माझ्या हातून रोज जे बाहेर पडतं ते चार-पाच ठिकाणी साठवलेलं असतं, आणि जे साठवायला हवं होतं ते जळून, विरघळून गेलं.

महोत्सव सहा जणांनी उभा केलाय. वय चोविसापासून तिशीपर्यंत. पैसे कसे जमवले विचारलं, तर एकीनं पावतीपुस्तकच काढून दाखवलं. गणपतीची वर्गणी काढतात तशी पेठेत दारोदार फिरून वर्गणी काढली होती. ५१ रुपये, १०१ रुपये. एका चहावाल्यानं पैशांऐवजी तीन दिवसांचा चहा लिहून दिला होता. दोन प्रोजेक्टर लग्नाच्या शूटिंगवाल्याचे, एक तालमीचा. तिकीट नाही. कामं चौदा, जागा चार : शुक्रवार पेठेतला एक वाडा, एका तालमीचा हॉल, शिंप्याचं बंद दुकान आणि एका शाळेची गच्ची.

शिंप्याच्या दुकानात तीन जुने डबा टीव्ही ठेवले होते. तिन्हींवर एकाच बाईचे हात. एकावर ती चपलेची वेणी वळतेय, दुसऱ्यावर चामडं ठोकतेय, तिसऱ्यावर हात नुसते मांडीवर ठेवलेत. तिसऱ्या टीव्हीवर बराच वेळ काही घडत नाही. मग अंगठा हलतो, दुसऱ्या हाताच्या अंगठ्याचं पेर चोळतो आणि पुन्हा थांबतो. अकरा मिनिटांत असं चारदा होतं. पहिल्या दोन टीव्हींतली ठोकाठोक ऐकत असताना नजर त्या थांबलेल्या हातांवरच जात होती. ती बाई हे काम करणाऱ्या मुलाची आई आहे, हे नंतर कळलं.

गच्चीवरचं काम मला भिडलं नाही. चार पडदे, त्यांवर महानगरातली रहदारी वेग वाढवून दाखवलेली आणि शेजारी दोन पानांचं निवेदन. निवेदन वाचल्याशिवाय चित्र कळत नव्हतं, आणि वाचल्यावर चित्राची गरज उरत नव्हती. करणारा मुलगा भेटला तेव्हा त्याला हे सांगितलं. त्यानं शांतपणे ऐकून घेतलं आणि वहीत लिहिलं.

चार वाजता अंबाबाईच्या देवळाकडे निघालो. चारला निघणं म्हणजे उशीर, हे तिथं गेल्यावर कळलं. रांग पार बाहेरपर्यंत आली होती. आत शिरायची आशा सोडून आम्ही बाहेर लावलेल्या मोठ्या स्क्रीनसमोर उभ्या राहिलो.

किरणोत्सव ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते. अंबाबाईची मूर्ती पश्चिमाभिमुख आहे. वर्षातून दोनदा मावळतीचे किरण महाद्वारातून येतात, गरुड मंडप ओलांडतात आणि थेट गाभाऱ्यात पोचतात. परंपरेनं या तारखा ९, १०, ११ नोव्हेंबर आणि ३१ जानेवारी, १ व २ फेब्रुवारी. पहिल्या दिवशी किरण देवीच्या चरणांवर, दुसऱ्या दिवशी कमरेपर्यंत, छातीपर्यंत, तिसऱ्या दिवशी मुखावर, असं मानतात. प्रत्यक्षात कुठवर पोचतात ते ढग, धूळ, हवेतला दमटपणा आणि वाटेतले अडथळे ठरवतात. या तारखांचं मला नेहमी कोडं वाटायचं. मैत्रिणीनं ते कॅलेंडर काढून उलगडलं. २१ डिसेंबर हा सर्वांत लहान दिवस. त्याच्या अलीकडे ४१ दिवस मोजा, १० नोव्हेंबर येतो. पलीकडे ४२ दिवस मोजा, १ फेब्रुवारी. सूर्य दक्षिणेकडे जाताना ज्या जागी मावळला, परत येताना पुन्हा त्याच जागी मावळतो.

सव्वासहाच्या सुमारास स्क्रीनवर गाभारा उजळला. शेजारी एक आजी होती, नऊवारी, हातात नारळाची पिशवी. तिनं वाकून पायांतल्या चपला काढल्या, बाजूला ठेवल्या आणि पडद्याला हात जोडले. डांबरी रस्त्यावर, रहदारीच्या कडेला. तिच्या मागोमाग आणखी चारपाच जणांनी चपला काढल्या. मीही काढल्या. रस्ता दिवसभराच्या उन्हानं अजून कोमट होता.

जाणाऱ्यांसाठी : किरणोत्सवाला आत जायचं असेल तर दोन-अडीच तास आधी रांगेत लागा. पाणी जवळ ठेवा. नोव्हेंबरपेक्षा फेब्रुवारीत आकाश निरभ्र मिळण्याची शक्यता जास्त. मुक्काम बिंदू चौकाच्या आसपास घेतलात तर देऊळ, पेठा, खासबाग सगळं पायी होतं. त्या गल्ल्यांत गाडी घालूच नये.

रात्री जेवायला तांबडा-पांढरा. पांढरा रस्सा आधी वाटीनं पिऊन घ्यायचा, भाकरीबरोबर कालवायचा नाही, असं वाढणाऱ्या काकांनी मला दोनदा सांगितलं.

दुसरा दिवस : १ फेब्रुवारी

सकाळी सहाला गंगावेशीत दूध कट्ट्यावर. म्हैस समोर उभी, धार समोर काढतात, फेसाचा पेला तिथंच हातात देतात. थंडीत तो पेला दोन्ही हातांत धरायचं सुख वेगळंच. पेलवान पोरं येत होती, गटागटा पिऊन तालमीकडे पळत होती. मग मिसळ. इथं पाव नाही, ब्रेडच्या स्लाइस येतात, आणि कट मागाल तेवढा. दहाच्या आत पोचलात तर बसायला जागा मिळते.

दुपारी शुक्रवार पेठेतला वाडा. पंचगंगा इथून हाकेच्या अंतरावर. या कामाचं वर्णन पत्रिकेत एका ओळीचं होतं : ‘प्रकाशाची रेषा, आवाज, ४३ मिनिटं’.

माजघरात अंधार केला होता. भिंतीवर जमिनीलगत बोटभर रुंदीची पांढरी रेषा, चारही भिंतींना वेढून. स्पीकरमधून एका मुलीचा आवाज येतो, कोरा, बातमी वाचल्यासारखा. ‘राजाराम बंधारा. सकाळी सात. एकोणचाळीस फूट.’ कोल्हापुरात राहणाऱ्या कुणालाही याचा अर्थ सांगावा लागत नाही. पावसाळ्यात पंचगंगेच्या पाणीपातळीचा हा निरोप दर तासाला घरोघरच्या मोबाइलवर येतो. ३९ फूट इशारा पातळी, ४३ फूट धोका पातळी. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पाणी ५५ फुटांच्या वर गेलं होतं, आणि दोनच वर्षांनी, २०२१ च्या जुलैत, पुन्हा तेच.

आवाज आकडे वाचत जातो, मधल्या शांततेत पावसाचाही आवाज नाही. रेषा वर चढताना दिसत नाही. आपण एकीकडे बघतो, परत नजर आणतो, तर ती पायरीच्या वर गेलेली असते. मग कोनाड्याच्या तळाशी. मग कोनाड्याच्या मधोमध.

कोपऱ्यात लोखंडी खाटेवर घरातल्या आजी बसल्या होत्या, पाय खाली सोडून. त्यांना महोत्सव वगैरे काही नव्हतं, त्यांची ती रोजची जागा. ‘त्रेचाळीस फूट दोन इंच’ ऐकू आलं तेव्हा रेषा खाटेमागच्या भिंतीवर त्यांच्या पोटऱ्यांच्या उंचीला आली होती. आजींनी बोलता बोलता पाय वर घेतले, लुगडं आवरून मांडी घातली आणि खाटेखालची पत्र्याची पेटी काठीनं पुढं ओढली. ‘ही वर ठेव गं,’ सुनेला म्हणाल्या. सून म्हणाली, ‘आत्या, लाईट हाय ती, पानी न्हवं.’ आजी म्हणाल्या, ‘ठावं हाय मला. तरी ठेव.’ सुनेनं पेटी उचलून खाटेवर ठेवली.

शेवटी रेषा आमच्या डोक्यावरून गेली. तिथं ती थांबते आणि पाच मिनिटं हलत नाही. त्या पाच मिनिटांत माजघरातल्या बायका हळूहळू बोलायला लागल्या. कोण कुठल्या शाळेत राहिलं, कुणाच्या म्हशी कुठल्या पुलावर बांधल्या, पाणी उतरल्यावर चिखलाचा वास किती दिवस गेला नाही. काम करणारी मुलगी दाराशी उभी राहून ऐकत होती. तिनं रेकॉर्डिंग सुरू केलं नव्हतं. मी खूण केली, तिनं नकारार्थी मान हलवली. नंतर म्हणाली, ‘ताई, ते त्यांचं एकमेकींशी चाललंय. मशीन आणलं की माझ्याशी बोलाय लागतील.’

या मुलीचं काम मोठ्या शहरांतल्या कलादालनांत जायला हवं असं माझ्या मनात आलं. लगेच हेही आलं, की तिथं त्या रेषेकडे बघून पाय वर घेणारं कुणी नसेल.

संध्याकाळी देवळात पुन्हा जायचं होतं, पण तालमीत साडेचारला ‘काहील’ सुरू होणार होतं आणि ते एकदाच दाखवायचं होतं. किरण उद्यावर टाकले.

तालमीचा हॉल म्हणजे वर पत्रा, खाली लाल मातीचा आखाडा. आखाड्यावर कुणी जायचं नाही, कडेच्या कट्ट्यावर बसायचं. पडदा म्हणजे चुना मारलेली मागची भिंत. काम असं : गुऱ्हाळाच्या काहिलीवर सरळ वरून कॅमेरा लावलाय आणि एक अख्खं आदण, म्हणजे काहिलीत रस ओतल्यापासून गूळ उतरेपर्यंतचा घाणा, एका शॉटमध्ये दाखवलाय. दोन तास सदतीस मिनिटं. पडदाभर नुसतं एक वर्तुळ, त्यात रस.

सुरुवातीला दीडेकशे माणसं होती. अर्ध्या तासानं साठ उरली. ती साठ मात्र शेवटपर्यंत राहिली, आणि मी म्हणते तीच खरी दाद. पहिल्यांदा रस गढूळ, हिरवट राखाडी. मग मळी वर येते, काळपट साय धरल्यासारखी, आणि बाजूनं एक लांब दांड्याची झारी येऊन ती ओढून नेते. भेंडीचं पाणी पडतं, पुन्हा फेस येतो, पुन्हा झारी. हळूहळू रंग खुलत जातो. माझे डोळे पहिली वीस मिनिटं तडफडत होते. हात आपोआप मांडीवर कट मारत होते : इथं काप, इथं झारीचा क्लोज घे, इथं माणसाचा चेहरा. मग कधी तरी हात थांबले.

समोरच्या कट्ट्यावर एक वयस्क गृहस्थ बसले होते. पांढरा शर्ट, पायजमा, डोक्यावर टोपी, मांडीवर नातू. पडद्यावरची झारी त्यांच्याच हातातली. पंचगंगेपलीकडच्या गावात चाळीस वर्षं ते गुळवे आहेत. सगळे त्यांना तात्या म्हणत होते. ते स्वतःचं काम असं वरून पहिल्यांदाच बघत होते.

सुमारे दीड तासानं पडद्यावर वाफेचा मोठा लोट आला, सगळं पांढरं झालं, मग वाफ विरली आणि काहील पुन्हा दिसली. तात्या जागेवरून मोठ्यानं म्हणाले, ‘हितं मधलं कापलंय.’

हॉलमध्ये कुणी काही बोललं नाही. काम करणारा मुलगा प्रोजेक्टरजवळ होता, तो पुढं आला. ‘कशावरनं म्हंतासा, तात्या?’

‘बुडबुडं बघ की. मगाशी बारीक हुतं. आता एकदम मोठं झाल्यात. आगीला एवढी घाई नसती.’

मुलगा थोडा वेळ गप्प राहिला. मग सगळ्यांसमोर सांगितलं की कॅमेऱ्यातलं कार्ड भरलं होतं, ते बदलेपर्यंत वेळ गेला आणि तो जोड त्यानं वाफेत लपवला. ‘चारेक मिनिटं गेली आसतील.’

‘चार न्हवं. सातआठ तरी.’

मी बावीस वर्षं हेच करते. धूर, अंधार, पुढून गेलेला माणूस, जे मिळेल त्यात जोड लपवते. हा जोड मला दिसला नाही. इतका सफाईदार होता की त्या जागी मीसुद्धा तसाच केला असता. आणि समोर बसलेल्या माणसानं तो बुडबुड्यांच्या आकारावरून पकडला. मला त्या क्षणी जे वाटलं ते कौतुकापेक्षा मोठं होतं. या माणसाच्या डोळ्यांत सबंध आदण आहे, त्यातलं एकही मिनिट दुसऱ्या मिनिटासारखं नाही.

पुढचा तास मी रस बघितला नाही, तात्यांना बघितलं. काकवीचा रंग आला तसे ते पुढं सरकले. मांडीवरचा नातू झोपला होता. पडद्यावर अजून काही बदललेलं दिसत नसताना ते शेजाऱ्याला म्हणाले, ‘आता उतरनार.’ दोनेक मिनिटांनी पडद्याच्या दोन्ही बाजूंनी दांडे आले, काहील हलली आणि तो सोनेरी पसारा कडेकडेनं सरकत चौकटीबाहेर गेला. तळाशी रिकामी, काळी, धुरकट कढई उरली. त्यावर चित्र थांबतं.

रात्री उशिरा मुलानं घरी जाऊन मूळ फायलींच्या वेळा तपासल्या. पहिलं कार्ड संपल्याची वेळ आणि दुसरं सुरू झाल्याची वेळ, मधे साडेसात मिनिटं. सकाळी तालमीच्या दारावरच्या कागदावर ‘२ तास ३७ मिनिटं’च्या खाली पेनानं लिहिलेलं दिसलं : ‘मधली साडेसात मिनिटं नाहीत.’

तिसरा दिवस : २ फेब्रुवारी

सकाळी विशेष काही केलं नाही. रंकाळ्यावर फिरलो, संध्यामठाकडे तोंड करून बसलो. आबालाल रहिमानांनी कोल्हापूरच्या तळ्यांकाठी वर्षानुवर्षं बसून चित्रं काढली. तेच ठिकाण, वेगळा प्रहर, असं किती तरी. मैत्रीण तिच्या विद्यार्थ्यांना तिथंच आणून बसवते.

खासबागेजवळ राजाभाऊंची भेळ खाल्ली. शाहू महाराजांनी उभारलेलं कुस्तीचं मैदान तिथंच आहे, १९१२ चं, आणि त्याला लागून केशवराव भोसले नाट्यगृह. ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री हे नाट्यगृह जळालं. भेळवाल्या पोरानं सांगितलं की त्या रात्री लोक रस्त्यावर उभं राहून रडत होते. त्याच्या स्वतःच्या आजोबांनी तिथं दारावर तिकिटं फाडली होती. मी भेळेचा कागद हातात धरून उभी राहिले, पुढं काही विचारवलं नाही.

आज मात्र साडेतीनलाच रांगेत लागलो. रांगेत पुढं सांगलीच्या दोघी बहिणी होत्या, दर फेब्रुवारीला येतात. त्यांनी भडंगाची पिशवी फोडली आणि हात मागे केला. ‘घ्या की. उपास न्हाई न्हवं?’ त्यांची आई आणायची, आता आई नाही, पण तारीख सोडली नाही. एवढ्या वर्षांत तिसऱ्या दिवशी मुखापर्यंत किरण तीनदाच बघितला, असं त्या सांगत होत्या. बाकी वेळा ढग, नाही तर धुरळा.

आत गर्दी होती, पण आवाज नव्हता. सहा वाजून गेले. किरण आधी फरशीवर आला. मला वाटायचं की उजेड एकदम पडत असेल. तसं नाही. फरशीवरून तो सरकत गेला, एकेक लादी घेत. मग उंबरा. मग चरण. आणि मग एक साधी गोष्ट समजली, जी स्क्रीनवर दिसली नव्हती : बाहेर सूर्य जसजसा खाली जातो, तसतसा आत किरण वर चढतो. चरणांवरून गुडघ्यांवर, गुडघ्यांवरून कमरेवर. साडीच्या जरीनं पेट घेतल्यासारखं झालं. रंग पिवळा होता तो केशरी झाला, केशरीचा तांबूस. छाती. गळ्यातले अलंकार. हनुवटीखाली किरण पोचला आणि तिथं तो फिकट होत गेला. ओठांवर क्षणभर काही तरी होतं, नक्की किरण की डोळ्यांचा भास, सांगता येणार नाही. मग अंधार, आणि मग आरतीची घंटा.

सांगलीच्या थोरल्या बहिणीनं धाकटीला विचारलं, ‘आला का गं मुखावर?’ धाकटी रडत होती. ‘आला,’ ती म्हणाली.

मी मोबाइल बाहेर काढला नव्हता. सगळं मिळून पाचसहा मिनिटं झाली असतील.

रात्री समारोप होता, भाषणं नव्हती. तालमीच्या कट्ट्यावर सहाही जण हिशेब करत बसले होते. वर्गणीतून खर्च जाऊन ३४० रुपये उरले. त्याची जिलेबी आणली. तात्या नातवाला घेऊन आले होते. त्यांनी मला विचारलं, ‘तुमी सिनेमा कापायचं काम करता म्हनं?’ हो म्हटलं. ‘मग उद्या या गुऱ्हाळावर. त्यानं न्हाई दावलेलं तेवढं दावतो.’

निघायचा दिवस : ३ फेब्रुवारी

शिवाजी पूल ओलांडून सकाळी सातला गुऱ्हाळावर पोचलो. लांबूनच वास आला. तो वास एकदा नाकात बसला की दिवसभर जात नाही.

जाणाऱ्यांसाठी : गुऱ्हाळं साधारण दिवाळीच्या सुमाराला पेटतात आणि उन्हाळा तापेपर्यंत चालतात. शहराच्या चारी बाजूंना आहेत. सकाळी लवकर जा, आधी विचारा, काहिलीपासून लहान मुलांना लांब ठेवा. रसाला आणि गरम गुळाला कुणी पैसे घेत नाही, म्हणून येताना गूळ विकत घ्या. फिकट पिवळा न घेता तांबूस घ्या. काकवीची बाटली घट्ट बुचाची बघून घ्या, माझी गाडीत सांडली.

चरकावर ऊस चालला होता. चुलाणाच्या तोंडाशी जळव्या बसला होता, वाळलेली चिपाडं मुठीमुठीनं आत सारत. त्याला काहील दिसतच नाही. तो फक्त तात्यांचा आवाज ऐकतो. ‘घाल’ म्हटलं की घालायचं, ‘ऱ्हाऊ दे’ म्हटलं की थांबायचं. तात्या काहिलीच्या कडेला झारी घेऊन उभे. मला त्यांनी वाऱ्याच्या बाजूला पाटावर बसवलं, हातात उसाचा रस दिला, वर लिंबू पिळून. ‘अजून येळ हाय,’ म्हणाले.

मळी निघाली. भेंडीचं पाणी पडलं. पुन्हा मळी, या वेळी पांढरट. तासभर गेला. ऊन पत्र्यावर चढलं. जवळून बघताना काहील पडद्यासारखी सपाट नव्हती. मधे रस उसळत होता आणि कडेनं वळून खाली जात होता, सारखा, एखाद्या झऱ्यासारखा.

मग तात्यांनी झारी उभी धरली. ‘आता बगा. तुमची साडेसात मिनिटं हीच.’

फेस बारीक होता, साबणाच्या पाण्यासारखा, दाट आणि पांढुरका. त्याच्या खालून मधोमध एक तपकिरी डोळा उघडला, रुपयाएवढा. मिटला. पुन्हा उघडला, या वेळी तळहाताएवढा. फेस कडेकडेला लोटला जाऊ लागला आणि उघड्या जागेत पहिला मोठा बुडबुडा आला. तो लगेच फुटला नाही. वर आला, ताणला गेला, त्यात पत्र्याच्या फटीतून येणारं ऊन दिसलं आणि मग तो जडपणे बसला, ‘फप्’ असा आवाज करून. त्याच्या शेजारी दुसरा. तात्यांनी जळव्याला ‘ऱ्हाऊ दे’ म्हटलं. बारीक फेसाची कड आता काहिलीच्या कंगोऱ्यालगत एवढीशी उरली होती. रसाचा आवाज बदलला होता. मघाशी तो पावसासारखा होता, आता एकेक थेंब मोजता यावा असा. तात्यांनी झारी बुडवून वर काढली आणि धार तिरपी सोडली. ती मघापर्यंत तुटत होती. या वेळी शेवटपर्यंत तुटली नाही.

‘झालं,’ ते म्हणाले, आणि जळव्याकडे वळले. ‘घाल रं.’